न बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलाशी संवाद : निरीक्षणाच्या वहीपासून बोलक्या टॅबलेटपर्यंत

मूल तुमचं मनगट धरतं, ओढत कपाटापाशी नेतं आणि तुमचा हात वरच्या फळीकडे ढकलतं. तोंडातून आवाज नाही, तुमच्याकडे बघणंही नाही. घरातल्या बहुतेकांच्या लेखी हे मूल ‘काहीच बोलत नाही’. पण त्यानं नुकतंच एक अख्खं वाक्य सांगितलंय : तू, वरचं ते, काढून दे.

माझ्या मुलाचं हे वाक्य वाचायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. तोवर मी पाण्याचा पेला उंच धरून ‘म्हण, पा-णी, म्हण ना राजा’ अशी विनवणी करत असे. तो हात ओढायचा, रडायचा, मग केव्हातरी पेला मिळायचा. त्याला तहान लागलीये हे मला कळलंय, एवढं त्यालाही कळत होतं. मग आई पाणी अडवून का धरते, हे समजून घ्यायला त्याच्यापाशी काही मार्ग नव्हता. आज तो चौदा वर्षांचा आहे. तोंडानं वीस-पंचवीस शब्द बोलतो, बाकी सगळं टॅबलेटवरच्या चित्रांतून आणि अक्षरांतून सांगतो. पुढे जे लिहिलंय ते त्याच्याकडून, त्याच्या थेरपिस्टांकडून आणि याच वाटेवरच्या इतर पालकांकडून शिकलेलं आहे. सगळ्याचं सार मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं : मुलाच्या आत्ताच्या संवादाला आधी आपण उत्तर द्यायला शिकायचं, आणि जी भाषा त्याच्या हातात ठेवायची ती आधी आपण स्वतः वापरायची.

मराठीत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द रूढ आहे, पण मला तो खटकतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल स्वतःत इतकं रमलंय की त्याला कुणाला काही सांगायचंच नाही. १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ज्या ११ ऑटिस्टिक मुलांचं वर्णन केलं, त्यांतली ३ बोलत नव्हती. आजच्या अंदाजानुसार शाळेच्या वयापर्यंत साधारण २५ ते ३० टक्के ऑटिस्टिक मुलं अगदी मोजके शब्द बोलतात किंवा बोलतच नाहीत. त्यांच्या घरी दोन दिवस राहून पाहा, ती सकाळपासून रात्रीपर्यंत काही ना काही सांगत असतात.

आधी कान तपासा

‘नावानं हाक मारली तर बघत नाही, पण बिस्किटाच्या पुड्याचा आवाज झाला की धावत येतो, म्हणजे ऐकू येतंच,’ असं ठरवून टाकू नका. काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही, असं असू शकतं. ओएई आणि बेरा या श्रवणाच्या तपासण्यांना मुलानं काही उत्तर द्यावं लागत नाही. बेरा तर बहुधा झोपेतच करतात. त्या करून घ्या.

आणखी दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगा. एक म्हणजे आलेले शब्द गेले का, आणि कधी. दीड-दोन वर्षांच्या सुमारास काही ऑटिस्टिक मुलांचे शब्द मागे पडतात. पण तीन वर्षांनंतर चांगली येणारी भाषा अचानक गेली, किंवा मधेच टक लावून थबकणं, झटके असं काही दिसलं, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. दुसरी गोष्ट, तोंडाच्या हालचाली. काही मुलांना बरंच समजत असतं, पण ओठ-जीभ-श्वास यांची जुळवाजुळव मेंदूकडून नीट होत नाही. याला अॅप्रॅक्सिया म्हणतात. अशा मुलाचा एखादा शब्द एकदाच स्पष्ट येतो आणि पुन्हा येत नाही. ‘तेव्हा बोललास, आता का नाही? हट्टी आहेस’ हे त्याला ऐकवू नये.

मात्र तपासण्या, अहवाल, निदानाचा कागद यांची वाट पाहत पुढचं काम थांबवायचं कारण नाही. ते आजपासून सुरू करता येतं.

आठ दिवस फक्त वही

या आठ दिवसांत काहीही शिकवू नका. एक वही घ्या, पानावर चार रकाने आखा : काय घडलं होतं, मुलानं काय केलं, त्याला काय म्हणायचं असावं, आपण काय केलं. घरातल्या प्रत्येकानं लिहायचं, आजी-आजोबांनीसुद्धा.

माझ्या वहीतल्या काही नोंदी अशा आहेत. ‘सकाळी बूट आणून माझ्या मांडीवर टाकले. बाहेर जायचंय. मी “नंतर” म्हटलं. जमिनीवर लोळला.’ ‘मिक्सर लावला. कान झाकून “ईईई”. बंद करा. कुणी लक्ष दिलं नाही.’ ‘पंख्याकडे बघून हसला, माझ्याकडे वळून पुन्हा पंख्याकडे. बघ, फिरतोय. मी कामात.’ ‘एकाच जाहिरातीचं संगीत गुणगुणत माझ्या मागे. भूक?’

ही शेवटची नोंद महत्त्वाची ठरली. ती जाहिरात तो नेहमी संध्याकाळी खाताना पाहायचा, आणि ते गुणगुणणं म्हणजे खरोखरच ‘खायला दे’ होतं. काही मुलं गाण्याची ओळ किंवा कार्टूनमधला आवाज अशा अर्थानं वापरतात, आणि बाहेरच्याला ती निरर्थक बडबड वाटते. वहीत दहा वेळा तेच दिसलं की अर्थ सापडतो.

आठव्या दिवशी नोंदी वाचताना विचार करा : यातलं मागणं किती, नाकारणं किती, लक्ष वेधणं किती, काही दाखवणं किती? बहुतेक घरांत मागणं आणि नाकारणं यांचीच गर्दी असते. मग चौथा रकाना वाचा. ‘लक्ष दिलं नाही’, ‘कामात’, ‘नंतर’. हा रकाना वाचून मी रडले होते, आणि काम कुठं करायचं हेही त्यातच कळलं.

उत्तर देणं

नव्या आठवड्यात एकच नियम : मुलानं केलेल्या प्रत्येक सांगण्याला दखल मिळाली पाहिजे. मागितलेली प्रत्येक वस्तू द्यायची असा याचा अर्थ होत नाही. बूट मांडीवर पडले की मी त्याच्या उंचीवर बसून म्हणायला लागले, ‘बाहेर! तुला बाहेर जायचंय. आत्ता पाऊस आहे. पाऊस थांबला की बाहेर.’ लोळणं त्या दिवशी थांबलं नाही. पण आपलं म्हणणं पोचतं, हे त्याला कळायला लागलं.

रोज दहा-पंधरा मिनिटं त्याच्या खेळात शिरा, त्याच्या अटींवर. तो चाकं फिरवत असेल तर तुम्हीही शेजारी एक चाक फिरवा. तो जमिनीवर थाप मारतो, तुम्हीही मारा, मग थांबा. तो पुन्हा मारेल आणि तुमच्याकडे बघेल तो क्षण म्हणजे संभाषण : त्याची पाळी, तुमची पाळी. ‘हे काय आहे? रंग कोणता? गाय कशी ओरडते?’ हे प्रश्न या वेळात पूर्ण बंद. बोलणं लहान ठेवा. ‘चाक फिरलं. फिरलं, फिरलं. थांबलं!’ इतकं पुरे.

डोळ्यांत डोळे घालून बघायला भाग पाडू नका. अनेक ऑटिस्टिक माणसं मोठेपणी सांगतात की डोळ्यांकडे पाहताना ऐकणं त्यांना जड जातं.

आणि वाट पाहा. एक वाक्य बोलून झालं की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, चेहरा उत्सुक ठेवून, ओठ मिटून. आपण दोन सेकंदांत तेच वाक्य पुन्हा म्हणतो, मग तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं. मूल पहिल्या वाक्यावर काम करत असतानाच दुसरं येऊन आदळतं. या सगळ्या लेखातलं फुकटचं आणि सर्वांत अवघड तंत्र हेच आहे.

सांगावंसं वाटेल असे प्रसंग

सगळं आपोआप मिळत असेल तर सांगायची गरजच पडत नाही. म्हणून छोटे प्रसंग तयार करायचे. साबणाचे फुगे उडवा आणि बाटली घट्ट बंद करून त्याच्यापुढे ठेवा. झोका वर धरून थांबा. चावीचं खेळणं चालून थांबलं की हात मांडीवर ठेवून बघत राहा. गुदगुल्यांसाठी बोटं जवळ आणून थबका. नेहमीच्या गाण्याची ओळ अर्धी सोडा.

त्यानं तुमच्याकडे पाहिलं, हात पुढे केला, आवाज केला, अंग हलवलं, काहीही केलं की लगेच ते घडू द्या, आणि घडताना शब्द द्या : ‘उघड!’, ‘अजून!’, ‘चल!’ पाणी, जेवण, आवडती चादर, शौचाला जाणं या गोष्टी मात्र कधीही अशा अडवायच्या नाहीत. खेळातला थबका आणि गरजेची अडवणूक यांत फरक आहे, आणि माझा पाण्याचा पेला चुकीच्या बाजूला होता. मूल वैतागायला लागलं की प्रसंग संपला, वस्तू द्यायची.

साधन कोणतं

इथे प्रत्येक घरात एकच भीती डोकावते : चित्रं किंवा यंत्र दिलं तर मूल आळशी होईल आणि कधीच बोलणार नाही. मलाही दीड वर्ष या भीतीनं थांबवलं होतं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या एका आढाव्यात विकासात्मक अडचणी असलेल्या २७ व्यक्तींच्या भक्कम नोंदी तपासल्या गेल्या. चित्रं, खुणा, यंत्रं वापरल्यानं त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नाही. ८९ टक्के जणांचं वाढलं, बहुतेकांचं थोडं, पण वाढलं. २०१४ साली ५ ते ८ वर्षांच्या, अगदी मोजके शब्द बोलणाऱ्या ६१ ऑटिस्टिक मुलांवर अभ्यास झाला. सगळ्यांना खेळातून संवाद शिकवला, पण अर्ध्या मुलांना सुरुवातीपासून बोलणारं यंत्रही दिलं. यंत्र असलेल्या मुलांचं स्वतःहून बोलणं जास्त वाढलं. तेव्हा या भीतीपायी एक दिवसही घालवू नका.

‘आधी चित्रं ओळखू दे, आधी एका जागी बसू दे, आधी बोट दाखवू दे, मग यंत्राचं बघू,’ अशी पायऱ्यांची अटही कुणी घातली तर मानू नका. भाषा हातात असल्याशिवाय ती वापरायला कुणी शिकत नाही.

हाताच्या खुणा सर्वांत स्वस्त आणि कायम सोबत असतात. ‘अजून’, ‘संपलं’, ‘मदत’ एवढ्या तीन खुणांनी बरंच भागतं. अडचण एवढीच की त्या ओळखीच्यांनाच कळतात, आणि बोटांच्या बारीक हालचाली जमत नसतील तर त्या गढूळ होतात. चित्रांचा अर्थ अजून लागत नसेल तर वस्तूच वापरा : बाहेर जाण्यासाठी बूट, आंघोळीसाठी छोटा मग. त्यापुढे फोटो, रेखाचित्रं, शब्द-चित्रांचा छापील बोर्ड आणि मग टॅबलेटवरचं बोलणारं अॅप. यांतली एक निवडून बाकीची टाकायची नसतात. आपणही तोंड, हात, फोन सगळं वापरतोच. या सगळ्याला मिळून एएसी, म्हणजे पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. याची माहिती असलेला स्पीच थेरपिस्ट शोधा. सगळ्यांना असतेच असं नाही, म्हणून पहिल्याच भेटीत सरळ विचारा.

अॅप घेताना तीन गोष्टी बघा : शब्द भरपूर आहेत का आणि नवे घालता येतात का, बटणांच्या जागा कायम राहतात का, आणि आवाज मुलाच्या घरच्या भाषेत आहे का. जागा कायम राहणं फार मोलाचं आहे. आपण कीबोर्डवर अक्षर शोधत नाही, बोट जातं. तसंच मुलाचं बोट ‘नको’वर जायला हवं. उद्या ‘नको’ दुसऱ्या कोपऱ्यात गेलं की त्याच्या दृष्टीनं शब्दच हरवला.

भाषेचं म्हणाल तर घरी बोलता तीच. ‘एकाच भाषेत बोला, नाहीतर गोंधळेल’ हा सल्ला अजून मिळतो, पण दोन भाषा कानावर पडल्यानं ऑटिस्टिक मुलाची भाषा मागे पडते असं संशोधनात दिसलेलं नाही. आईनं परक्या भाषेत तोडकं बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत मनापासून बोललेलं बरं.

पहिला बोर्ड

पहिल्या बोर्डवर लोक फळं, प्राणी, रंग यांची चित्रं लावतात. ‘हत्ती’ दाखवून मूल दिवसातून किती वेळा काय साधणार? आपल्या रोजच्या बोलण्याचा बहुतांश भाग काहीशे साध्या शब्दांवर चालतो, आणि थेरपिस्ट त्यांना कोअर शब्द म्हणतात. मराठीत सुरुवातीला हे घ्या : दे, घे, हवं, नको, अजून, संपलं, थांब, चल, बघ, उघड, मदत, मी, तू, हे, वर, आत, बाहेर, आवडलं, दुखतंय. त्यात त्याच्या जिवाभावाची आठ-दहा नावं घाला : माणसं, आवडता खेळ, आवडतं खाणं.

बोर्ड छापून लॅमिनेट करा आणि चार प्रती काढा. एक स्वयंपाकघरात, एक न्हाणीघरात, एक पिशवीत, एक गळ्यात अडकवण्याजोगी छोटी. टॅबलेट असला तरी कागदी प्रत ठेवाच. चार्जिंग संपलं म्हणून आवाज संपता कामा नये.

मराठी क्रियापदं फार रूपं बदलतात. ‘जा’, ‘गेला’, ‘जायचंय’ ही सगळी बटणं कुठं ठेवणार, असा प्रश्न पडेल. सुरुवातीला घरात सर्वांत जास्त वापरतात ते रूप ठेवा आणि तोंडानं पूर्ण, बरोबर वाक्य बोला. रूपं नंतर वाढवता येतात.

बोर्ड आपण बोलायचा

बहुतेक घरांत इथेच गाडी अडते. बोर्ड भिंतीवर लागतो, मुलाला सांगितलं जातं, ‘दाखव, काय हवं?’ मूल दाखवत नाही. महिनाभरानं निष्कर्ष निघतो की याला चित्रं जमत नाहीत.

बोलणाऱ्या घरातलं बाळ पहिला शब्द म्हणण्याआधी साधारण वर्षभर बोलणं ऐकत असतं, आणि त्या वर्षात त्याची परीक्षा कुणी घेत नाही. आपल्या मुलानं मात्र बोर्डवर बोलणारं एकही माणूस पाहिलेलं नसतं. तेव्हा तो माणूस तुम्ही व्हायचं. थेरपिस्ट याला मॉडेलिंग म्हणतात.

कृती साधी आहे. तोंडानं पूर्ण वाक्य बोला, आणि त्यातल्या एकाच महत्त्वाच्या शब्दावर बोट ठेवा. आंघोळीच्या वेळी ‘पाणी संपलं’ म्हणताना ‘संपलं’वर बोट. डबा उघडत नसेल तर ‘मला मदत हवी’ म्हणताना ‘मदत’वर, आणि मग घरातल्या दुसऱ्या माणसानं येऊन तो डबा उघडायचा. झोक्यावर ‘थांब’, ‘चल’, ‘अजून’. मूल एकेक शब्द दाखवू लागलं की तुम्ही दोन दाखवा : ‘अजून’ला ‘अजून झोका’. त्याच्यापेक्षा एकच पाऊल पुढे.

दिवसभर सगळं बोर्डवर बोलायला गेलात तर चार दिवसांत थकाल. आधी एक प्रसंग ठरवा, मी झोका घेतला होता, आणि तीन शब्द. पंधरा दिवसांत हात बसला की दुसरा प्रसंग. चुकलात तर तेही दाखवा : ‘अरे, “संपलं” दाबलं, मला “अजून” म्हणायचं होतं.’ चूक दुरुस्त करता येते हे मुलाला दुसरं कोण दाखवणार?

तो बघत नाही असं वाटेल. अनेक मुलं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघतात. त्याला बघायला लावू नका, त्याचं बोट धरून दाबू नका, ‘आता तू कर’ म्हणू नका. तुम्ही बोलत राहा.

मग कधीतरी मूल बटणं दाबत सुटतं, एकच शब्द पन्नास वेळा. हे बाळाचं ‘बाबाबा’ आहे. टॅबलेट काढून घेऊ नका. उलट, चुकून लागलेल्या शब्दालाही अर्थ द्या : ‘वर’ लागलं, तर ‘वर? चल, वर!’ म्हणत उचलून घ्या. दाबलं की जगात काहीतरी घडतं, हे त्यातूनच कळतं. आमच्या घरी झोक्यावर ‘अजून’ यायला साडेचार महिने लागले. दुसरा शब्द आठ दिवसांत आला.

मूल पुढाकारच घेत नसेल तर

काही मुलं वस्तूकडे बघत राहतात, स्वतः उठून घेतात, पण दुसऱ्या माणसापाशी येत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांची देवाणघेवाण, पेक्स या नावानं ओळखली जाणारी पद्धत उपयोगी पडते. अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५ साली अमेरिकेत सुरू केली. सुरुवातीला मोठी माणसं दोन लागतात. समोरचा माणूस मुलाची आवडती वस्तू हातात धरतो. वस्तूचं चित्र मधे ठेवलेलं असतं. मूल वस्तूकडे हात नेतं तेव्हा मागे बसलेला माणूस, काही न बोलता, त्याचा हात चित्राकडे आणि चित्र समोरच्या तळव्यात नेतो. समोरचा लगेच वस्तू देतो आणि नाव घेतो. ‘काय हवंय?’ हा प्रश्न या टप्प्यात विचारायचाच नाही, नाहीतर मूल विचारल्याशिवाय काही न सांगायला शिकतं.

मागच्या माणसाची मदत थोड्याच वेळात कमी करत नाहीशी करायची. मग समोरचा माणूस दोन पावलं लांब, मग पलीकडच्या खोलीत. चित्रांची वहीही लांब. मूल वही शोधून, माणूस शोधून चित्र हातात देतं इथपर्यंत आणल्यावरच दोन चित्रांतून निवड करायला शिकवायचं. घाईनं निवडीवर उडी मारली की बहुधा इथंच फसतं. त्यापुढे ‘मला हवं’ची पट्टी जोडून वाक्य, मग प्रश्नाला उत्तर, आणि शेवटी ‘मला दिसतंय’सारखी वाक्यं.

मदत किती

मुलाला मदत लागली तर आधी थांबा, मग बोर्डकडे नुसतं बघा, मग हातानं बोर्डच्या दिशेनं सुचवा, मग स्वतः दाखवा. हात धरून करवून घेणं शेवटी, तेही मुलानं हात मागे घेतला की सोडून द्यायचं. रोज तीच मदत तितकीच लागत असेल तर मूल त्या मदतीची वाट पाहायला शिकलंय.

एक धोका स्पष्ट सांगते. मुलाचं मनगट किंवा कोपर धरून टाईप करवणं, ज्याला फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणतात, किंवा अक्षरांची पाटी दुसऱ्यानं हवेत धरून भराभर सूचना देत अक्षरं दाखवायला लावणं, यांपासून दूर राहा. पहिल्या पद्धतीची तपासणी झाली तेव्हा मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं दाखवलं, आणि उमटलेलं उत्तर हात धरणाऱ्यानं पाहिलेल्या चित्राचं होतं. अमेरिकेतल्या वाचा-भाषा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये या दोन्हींविरुद्ध भूमिका जाहीर केली. एखाद्या सकाळी मुलाच्या नावानं लांबलचक सुंदर पत्र उमटलं तर कुठल्या आईचं मन विरघळणार नाही? म्हणूनच सांगते. शब्द मुलाच्याच बोटातून, कुणी न धरता आले पाहिजेत, मग ते दोनच असोत.

‘नको’ आणि ‘दुखतंय’

‘दे’ शिकवायला सगळे उत्सुक असतात, ‘नको’ शिकवायला कुणी नसतं. मी तर म्हणेन, ‘नको’ आधी शिकवा. ताट ढकलणं, चावणं, डोकं आपटणं यांतलं बरंच ‘नको’, ‘थांब’, ‘मदत कर’, ‘माझ्याकडे बघ’ असतं. १९८५ सालीच मानसशास्त्रज्ञ एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी दाखवलं की त्रासदायक वागण्यातून मुलाला जे मिळवायचं असतं ते मागायचे शब्द दिले, की ते वागणं कमी होतं. आधी वहीत शोधा, कशासाठी करतोय. मग त्याच अर्थाचा सोपा शब्द, आवेग यायच्या आधी, शांत वेळी दाखवत राहा. भर वादळात शिकवणी नको. तेव्हा आवाज कमी, उजेड कमी, माणसं कमी.

‘नको’ दाखवलं की सुरुवातीचे महिने शक्य तितक्या वेळा मान द्या. तपासणी, औषध, गाडीचा पट्टा इथे मान देता येत नाही. तेव्हा ‘नको म्हणालास. ऐकलं मी. औषध घ्यायचंय, मग संपलं’ असं सांगा आणि बोर्डवर ‘संपलं’ दाखवा. ‘नको’ हा शब्द त्याच्या सुरक्षिततेचाही आहे. अंगाला कुणी हात लावल्यावर नाही म्हणता येणं आणि नंतर घरी सांगता येणं, दोन्हीसाठी बोर्डवर शरीराच्या सगळ्या अवयवांची खरी नावं हवीत. लाजून वगळू नका.

‘दुखतंय’ शिकवायला मुलाच्या दुखण्याची वाट पाहू नये. तुमचा पाय ठेचकाळला की बोर्डवर ‘दुखतंय’ आणि ‘पाय’ दाखवा. बाहुलीला पट्टी बांधा. अचानक वागणं बिघडलं तर दात, कान, पोट, बद्धकोष्ठ आधी तपासा.

मागण्यापलीकडचं बोलणं

खाऊ मागता येऊ लागलं की घर समाधानी होतं आणि शिकवणं तिथेच थबकतं. वहीतली पंख्याची नोंद आठवा : ‘बघ, फिरतोय.’ त्याला काही हवं नव्हतं, दाखवायचं होतं. म्हणून ‘बघ’, ‘अरे बापरे’, ‘मज्जा’, ‘घाण’, ‘भीती’, ‘कुठं’, ‘का’, ‘चिडलोय’ हे शब्द लवकर घाला आणि स्वतः वापरा. रोज रात्री दिवसातले तीन फोटो टॅबलेटवर उघडून त्यांच्याविषयी बोर्डवर बोला. शाळेच्या वहीत रोज एक वस्तू चिकटवून पाठवा, तिकीट, पान, कागदाचा तुकडा. ती दाखवून मुलाला वर्गात काहीतरी सांगता येतं.

शाळेला दोन गोष्टी लेखी द्या : मुलाच्या खुणा-आवाजांची अर्थासह यादी, आणि ‘टॅबलेट शिक्षा म्हणून काढून घेऊ नये’ ही विनंती. आमच्याकडे एका वर्गात मुलगा ‘सारखा “घरी घरी” करतो’ म्हणून टॅबलेट कपाटात ठेवला जायचा. बोलक्या मुलाच्या तोंडाला कुणी पट्टी लावेल का, एवढंच मी विचारलं.

पुढं सरकत नाही असं वाटलं तर

शब्द मोजू नका, पुढाकार मोजा. न विचारता किती वेळा सांगितलं, किती माणसांना, किती कारणांसाठी? महिन्यातून एक दिवस ठरवून वहीत तेवढंच लिहा. तीन महिने काहीच हललं नाही तर आधी आपल्याकडे बघा : बोर्ड दिवसभर हाताशी असतो का, आपण रोज वापरतो का, विचारून-विचारून परीक्षा तर घेत नाही ना? मग नजर आणि बोटांची क्षमता तपासून घ्या. चित्रं फार लहान असू शकतात, बटणाला हलका स्पर्श पुरत नसेल.

मूल चार वर्षांचं झालं, आता काही होणार नाही, असं कुणी म्हणालं तर २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगा. चार वर्षांपर्यंत शब्द जोडून न बोलणाऱ्या ५३५ ऑटिस्टिक मुलांपैकी ७० टक्के पुढं शब्द जोडून बोलायला शिकली, एकूण ४७ टक्के तर सफाईनं बोलू लागली. माझा मुलगा बाकीच्या मुलांसारखा आहे, आणि तोही सांगतोच आहे.

अक्षरं मात्र सर्वांना शिकवा, ‘याला काय उपयोग’ असं न ठरवता. विशेष शिक्षणाच्या अभ्यासक अॅन डोनेलन यांनी १९८४ साली एक कसोटी मांडली होती : मुलाबद्दल खात्री नसेल तेव्हा असं गृहीत धरा, जे चुकीचं निघालं तरी त्याचं कमीत कमी नुकसान होईल. वाचता येईल असं धरून शिकवलं आणि आलं नाही, तर तुमचा थोडा वेळ गेला. येणार नाही असं धरलं आणि आलं असतं, तर त्याचं आयुष्य गेलं. याच कसोटीनं त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणंही थांबवा. तो ऐकतोय.

मूल वाढतं, बोर्डही वाढवावा लागतो. दर महिन्याला थोडा वेळ काढून मी आणि मुलगा मिळून शब्द बघतो. ‘भूर’ काढलं, ‘बाहेर जाऊया’ आलं. दाढी, एकटं, कंटाळा, खासगी, ‘मला विचारून कर’ हे शब्द या वर्षी आले. परवा त्यानं ‘दार’ आणि ‘बंद’ दाबलं. मी दार लावलं आणि आतच उभी राहिले. त्यानं पुन्हा टॅबलेट उचलला, ‘आई’ दाबलं, ‘बाहेर’ दाबलं, आणि मी बाहेर गेले.